वायूचा खुला बाजार आणि लोकहिताचा खर्च



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह होता. लोकहिताची योजना मांडणाऱ्याने आधी तिचा पैसा कोणाच्या खिशातून आणि कोणत्या वाटेने येणार ते सांगावे. उद्दिष्टांबद्दल मागाहून बोलावे. त्या आग्रहाला जागून आज मी थोडा रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. नैसर्गिक वायूचा बाजार स्पर्धेला खुला झाला, की त्याच बाजाराच्या बिलातून चालणाऱ्या लोकहिताच्या कामांचे काय होते? उदाहरण अमेरिकेचे आहे, मुख्यतः कॅलिफोर्नियाचे. तिथे या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहावे लागले. त्यातले काय टिकले आणि काय गळले, हे पाहायला आता वीस-पंचवीस वर्षांचा अनुभवही हाताशी आहे.

लोकहिताची कामे म्हणजे नेमकी कोणती? कॅलिफोर्नियाच्या वायूच्या बिलात 'पब्लिक पर्पज प्रोग्रॅम सरचार्ज' नावाची एक ओळ असते. आपण तिला लोकहित अधिभार म्हणू. तिच्यातून तीन प्रकारची कामे चालतात. पहिले, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बिलात सवलत. दुसरे, वायूची बचत: घराच्या छपरात उष्णतारोधक थर घालणे, फटी बुजवणे, जुना हीटर बदलून देणे. तिसरे, संशोधन. तिन्ही कामांना एक गोष्ट समान आहे. नफ्यासाठी वायू विकणारा ती आपण होऊन करणार नाही. सवलतीत त्याचे उत्पन्न घटते, बचतीत विक्री घटते आणि संशोधनाचे फळ प्रतिस्पर्ध्यालाही फुकट मिळते.

मक्तेदारी होती तोवर ही अडचण जाणवत नव्हती. एका भागात एकच कंपनी असे, दर नियामक आयोग ठरवी. आयोगाने सवलतीचा खर्च मान्य केला की तो सर्वांच्या दरात मिसळून जाई. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नव्हते, म्हणून कुरकूर झाली तरी गळती होत नव्हती. थोडक्यात, लोकहिताचा सारा डोलारा ग्राहकाच्या अडकून पडण्यावर उभा होता. बाजार खुला करणे म्हणजे ग्राहकाला सोडवणे. आणि तो सुटला की या डोलाऱ्याखालचा खांबही निघतो.

अमेरिकेत ग्राहक कसा सुटला, ते थोडक्यात पाहू. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फिलिप्स पेट्रोलियमच्या खटल्यात निकाल दिला, की राज्याबाहेर जाणाऱ्या वायूचा विहिरीच्या तोंडाशी मिळणारा दरही केंद्रीय नियंत्रणाखाली येतो. दर बांधले गेले, नवे उत्खनन मंदावले आणि १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात वायूअभावी शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले. १९७८ च्या कायद्याने नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. पुढचा टप्पा पाइपलाइनचा होता. तोवर पाइपलाइन कंपनी स्वतः वायू विकत घेई आणि स्वतःच पुढे विकी. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाच्या १९८५ च्या ४३६ क्रमांकाच्या आदेशाने तिला दुसऱ्याचा वायू वाहून नेण्याची वाट मोकळी केली, तर १९९२ च्या ६३६ क्रमांकाच्या आदेशाने वाहतूक आणि विक्री हे दोन धंदे वेगळे करायला लावले. १९९३ च्या सुरुवातीला विहिरीवरच्या दराचे उरलेसुरले नियंत्रणही गेले.

या काळातला एक खटला मला फार बोलका वाटतो. ऐंशीच्या दशकात मोठे कारखाने वायू सोडून जळाऊ तेलाकडे वळू लागले. त्यांना थोपवण्यासाठी पाइपलाइन कंपन्यांनी खास स्वस्त विक्रीच्या योजना काढल्या. मात्र ज्याला दुसरे इंधन वापरता येत नाही, त्या घरगुती ग्राहकाला या योजनांचे दार बंद होते. मेरीलँड राज्यात ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलाने त्याला आव्हान दिले आणि १९८५ मध्ये अपील न्यायालयाने त्या योजना रद्द ठरवल्या. खुल्या बाजाराची एक सवय त्या खटल्याने उघडी पाडली: जो निघून जाऊ शकतो त्याला सूट मिळते आणि जो अडकला आहे तो पूर्ण भरतो. लोकहिताच्या खर्चालाही हाच नियम लागू पडतो. तो खर्च हळूहळू सरकत, ज्याला हलता येत नाही त्याच्या अंगावर येऊन थांबतो.

याचा पहिला मोठा बळी ठरले संशोधन. १९७६ मध्ये शिकागो इथे गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. तिचा पैसा येण्याची वाट सोपी होती. आंतरराज्य पाइपलाइनमधून जाणाऱ्या वायूवर केंद्रीय आयोगाच्या संमतीने एक बारीक अधिभार लावायचा आणि तो संस्थेकडे द्यायचा. घरगुती बिलावर त्याची वेगळी ओळखही नसे. त्या पैशातून कमी वायूत घर तापवणाऱ्या भट्ट्या विकसित झाल्या, कोळशाच्या थरांतला वायू काढण्याचे तंत्र पुढे गेले. टेक्सासमधल्या बार्नेट शेल या खडकात मिशेल एनर्जी कंपनीने १९९१ मध्ये आडवी विहीर खणली, तेव्हा त्या प्रयोगाच्या खर्चातही संस्थेचा हात होता. शेल वायूचे खरे यश पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आले, आणि त्यात त्या कंपनीची चिकाटी मोठी. पण फळाची खात्री नसलेल्या वर्षांत जोखमीचा काही भाग उचलणारा हा सार्वजनिक पैसा होता.

६३६ क्रमांकाच्या आदेशानंतर पाइपलाइन कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. ग्राहक टिकवण्यासाठी वाहतूक दरात सूट देणे आले. सूट देताना अधिभाराचा भार एक तर कंपनीने स्वतः सोसायचा, नाही तर अधिभार नसलेल्या पाइपलाइनकडे ग्राहक जाताना पाहायचे. काही कंपन्या संस्थेतून बाहेर पडू लागल्या. उरलेल्यांवरचा भार वाढला आणि त्यांनाही बाहेरची वाट दिसू लागली. अखेर १९९८ मध्ये तडजोड झाली आणि अधिभार टप्प्याटप्प्याने कमी करत २००४ मध्ये शून्यावर आणायचे ठरले. दरम्यान २००० मध्ये ही संस्था दुसऱ्या एका जुन्या संस्थेत विलीन होऊन गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट झाली. संशोधन निरुपयोगी ठरले म्हणून हे घडले नाही. पैसा जिथे धरला होता, तिथून तो निसटणे सोपे होते.

आता कॅलिफोर्नियाकडे येऊ. तिथे गरीब कुटुंबांना वायूच्या बिलात सवलत देण्याची योजना १९८९ पासून आहे. आज ती 'केअर' या नावाने ओळखली जाते. तिचा खर्च पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, सदर्न कॅलिफोर्निया गॅस अशा वितरण कंपन्यांच्या वहन आकारात मिसळलेला असे. वायू कोणाकडूनही घ्या. तो कंपनीच्या पाइपातून येतो तोवर हा खर्च चुकत नव्हता. म्हणजे विक्रेता बदलण्याची मुभा दिल्याने काहीच बिघडत नव्हते. बिघडले ते दुसरा पाइप आल्यावर. १९९२ मध्ये वायोमिंगहून कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीपर्यंत कर्न रिव्हर पाइपलाइन सुरू झाली. ती आंतरराज्य असल्याने वॉशिंग्टनच्या आयोगाच्या अखत्यारीत होती, राज्याच्या नाही. एखाद्या मोठ्या कारखान्याने थेट तिला जोडणी घेतली, की स्थानिक कंपनीचा वहन आकार गेला आणि त्यात दडलेला लोकहिताचा खर्चही गेला.

आपल्याकडे जकात होती तेव्हा नाका चुकवून आडवाटेने ट्रक काढणे हा एक धंदाच होता. नाक्यावर कितीही कडक बंदोबस्त ठेवला, तरी आडवाट आहे तोवर जकात गळणारच. कर हद्दीच्या दारातून काढून मालाच्या विक्रीवर नेला, की आडवाटेला अर्थ उरत नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने हेच केले. २००० साली संमत झालेल्या, एबी १००२ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने लोकहिताचा खर्च पाइपाच्या भाड्यातून बाहेर काढला आणि राज्यात जाळल्या जाणाऱ्या वायूवर लावला. स्थानिक कंपनीचा ग्राहक असेल तर कंपनीने बिलातून वसूल करायचा. आंतरराज्य पाइपमधून थेट घेणारा असेल तर त्याने तो राज्याच्या करवसुली मंडळाकडे स्वतः भरायचा. सारा पैसा एका स्वतंत्र निधीत जमा होणार आणि दर वर्षी अधिभाराचा दर राज्याचा नियामक आयोग ठरवणार.

या रचनेतली सूक्ष्मता पाहण्याजोगी आहे. सवलतीच्या खर्चावर कमाल मर्यादा नाही. पात्र कुटुंबे वाढली की खर्च वाढतो आणि पुढच्या वर्षी अधिभारही वाढतो. बचत आणि संशोधनाचे अंदाजपत्रक मात्र ठरवून दिलेले. सवलत घेणाऱ्या कुटुंबाकडून सवलतीपुरता अधिभार घेतला जात नाही, नाही तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढल्यासारखे झाले असते. शिवाय केंद्रीय पातळीवरचा संशोधनाचा पैसा आटला त्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, राज्याच्या आयोगाने याच अधिभारातून राज्यापुरता संशोधन कार्यक्रम सुरू करण्याचा आदेश काढला. वरून बुजलेला झरा खालच्या पातळीवर नव्याने खणावा लागला.

कायदा लागू झाला तो मुहूर्त मात्र भलताच. ऑगस्ट २००० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ एल पासो कंपनीची पाइपलाइन फुटून १२ माणसे दगावली आणि पश्चिमेकडचा पुरवठा आखडला. त्यात राज्याच्या विजेच्या बाजाराचे संकट आले. डिसेंबरमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सीमेवर वायूचा भाव काही दिवस दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला ५० डॉलरच्याही वर गेला. वर्षभरापूर्वी तो दोन-तीन डॉलर होता. १ जानेवारी २००१ पासून नवा अधिभार सुरू झाला तो या धुमाळीत. त्याच वर्षी आयोगाने गरिबांची सवलत १५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली. बाजार उसळला तेव्हाच लोकहिताची खरी गरज भासली, आणि पैशाची वाट आधीच कायद्याने आखलेली असल्याने निर्णय पटकन अमलात आला.

इथवर ही यशाची गोष्ट वाटेल. आता तिची गळकी बाजू. कायद्यात 'वापर' कशाला म्हणायचे नाही याची एक यादी आहे. विक्रीसाठी वीज तयार करायला जाळलेला वायू, सहनिर्मिती प्रकल्पांतला वायू आणि जड तेल पातळ करून उपसण्यासाठी वाफ करायला जाळलेला वायू, हे सारे अधिभारातून मुक्त. विजेच्या बाबतीत सूट समजते. विजेच्या बिलावर लोकहिताचा वेगळा आकार आधीपासून होता, एकाच ज्योतीवर दोनदा आकार नको. पण तेल उपशाचे काय? कर्न रिव्हर पाइपलाइन आली ती मुख्यतः त्याच तेलक्षेत्रांच्या गरजेसाठी. म्हणजे ज्या आडवाटेमुळे कायदा करावा लागला, तिच्यावरचा सर्वांत मोठा प्रवासी कायद्यानेच मोकळा सोडला. बाजारातून निसटण्याची ताकद ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे विधिमंडळात आपली ओळ घालून घेण्याची ताकदही बहुधा असते.

दुसरी गळती तिजोरीतली. पैसा कंपनीच्या दरातून निघून राज्याच्या निधीत गेला, तेव्हा पळवाटा बुजल्या. त्याबरोबर तो अर्थसंकल्प करणाऱ्यांच्या हाताच्या अंतरावरही आला. २०११ मध्ये राज्याची तूट भरताना या निधीतून १५.५ कोटी डॉलर सर्वसाधारण तिजोरीत वळवले गेले. वायू बचतीच्या कामांना त्याचा फटका बसला आणि आयोगाला विजेच्या बाजूच्या पैशातून काही ठिगळे लावावी लागली. ग्राहकाने बिलात जे लोकहिताच्या नावाने भरले, ते राज्याच्या सामान्य खर्चात गेले.

ही कोंडी कॅलिफोर्नियापुरती नाही. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ब्रिटिश गॅसचे खासगीकरण झाले. बचतीच्या कामांचा खर्च ग्राहकांच्या दरात घालण्याची 'ई फॅक्टर' नावाची तरतूद तिथे होती, आणि १९९२ मध्ये स्थापन झालेला एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट तिच्याकडे डोळे लावून होता. १९९३ मध्ये वायू नियामक म्हणून आलेल्या क्लेअर स्पॉटिसवुड यांनी ती वाढवायला नकार दिला. त्यांची भूमिका अशी की हा प्रत्यक्षात कर आहे, आणि कर लावण्याचा अधिकार संसदेचा आहे, नियामकाचा नाही. बचतीच्या कामांचे नुकसान झाले, तरी तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. पुढे ब्रिटनने वेगळी वाट धरली: अधिभार गोळा करण्याऐवजी वायू आणि वीज विकणाऱ्या कंपन्यांवरच बचतीची उद्दिष्टे कायद्याने लादली. लहान विक्रेत्यांना त्यातून सूट दिली; काही वर्षे ही मर्यादा अडीच लाख ग्राहकांची होती. परिणामी नव्या विक्रेत्याला मोठ्यापेक्षा स्वस्त दर देता येई. त्यातला काही भाग कौशल्याचा, पण काही निव्वळ या सुटीचा. २०२१ मध्ये घाऊक भाव भडकल्यावर असे अनेक विक्रेते बुडाले. लोकहिताचा भार विक्रेत्यावर टाकला, तर स्पर्धकांमधला तराजू वाकडा होतो, एवढे त्यातून दिसते. पाइप किंवा वापर यावर टाकला, तर विक्रेत्यांची स्पर्धा जशीच्या तशी राहते.

हा सगळा हिशेब समोर ठेवला की माझे म्हणणे मांडता येते. स्पर्धा लोकहिताची शत्रू आहे असे मला वाटत नाही. मक्तेदारीच्या दरात लपवलेली मदत स्पर्धेत टिकत नाही, इतकेच खरे. ती उघड्यावर आणावी लागते, आणि उघड्यावर आलेली मदत राजकारणात टिकवावी लागते. म्हणून अशा प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारावेत. पैसा कुठे धरला आहे, विक्रेत्यावर, पाइपावर की वापरावर? सुटीच्या यादीत कोण आहे आणि का? जमलेल्या पैशाची किल्ली कोणाकडे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंते आणि अर्थतज्ज्ञ देऊ शकतात. उरलेल्या दोहोंचे उत्तर नागरिकांनीच मागावे लागते.

हे प्रश्न आता आणखी धारदार होत आहेत. कॅलिफोर्नियात आज वायूचा खरा स्पर्धक दुसरा वायूविक्रेता नसून वीज आहे. राज्य स्वतःच घरांना वायूऐवजी विजेवरच्या हीट पंपाकडे वळवते आहे. नव्या जोडण्यांसाठी वायूवाहिनी वाढवण्याला मिळणारी सवलत जुलै २०२३ पासून बंद झाली. हीट पंप बसवणे परवडते ते स्वतःचे घर असलेल्यांना. भाडेकरू आणि गरीब मागे राहणार. वापर घटत गेला की वापरावरचा अधिभार त्याच मागे राहिलेल्यांच्या बिलात वाढत जाईल, आणि सवलत मिळण्याइतका गरीब नसलेला, पण बाहेर पडता न येणारा माणूस त्यात सर्वांत जास्त भरडला जाईल. नव्वदच्या दशकात कर्न रिव्हरच्या पाइपाने जे केले, ते आता विजेची तार करते आहे. वापरावर पैसा धरण्याची युक्ती त्या काळी पुरेशी होती. आता सवलतीसारखा खर्च सर्वसाधारण करातून भागवण्याचा विचार करावा लागेल, आणि तो करताना २०११ ची आठवण ठेवून निधीला कायद्याचे कुंपणही घालावे लागेल.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे परके वाटू नये. आपल्याकडे विजेत हाच खेळ चालू आहे. उद्योग आणि व्यापारी ग्राहक जास्त दर देतात, शेतीपंप आणि लहान घरे कमी. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला मुक्त प्रवेशाची, म्हणजे वीज दुसरीकडून घेण्याची, वाट दिली आणि जाताना क्रॉस सबसिडी अधिभार भरायला सांगितले. मूळ कायद्यात क्रॉस सबसिडी कालांतराने संपवण्याची भाषा होती. २००७ च्या दुरुस्तीने ती कमी करण्यापुरती राहिली. सुटीची यादी इथेही आहे: स्वतःच्या वापरासाठी निर्माण केलेल्या विजेवर हा अधिभार नाही. आणि 'स्वतःचे' ठरायला प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल आणि किमान ५१ टक्के विजेचा स्वतः वापर एवढे पुरते. कारखान्यांनी एकत्र येऊन सौर आणि पवन प्रकल्पांत भाग घेण्याची लाट आली, तिच्यामागे स्वस्त विजेइतकेच हे गणितही आहे. वायूच्या बाबतीत आपण अजून मागच्या टप्प्यावर आहोत. २०१४ पासून घरगुती जोडण्या आणि वाहनांच्या सीएनजीला देशातला स्वस्त वायू अग्रक्रमाने दिला जातो. ही मदतही वाटपात लपलेलीच आहे. शहर वितरणातली कंपन्यांची एकाधिकाराची मुदत संपून दुसऱ्या विक्रेत्यांना पाइप खुले होतील, तेव्हा चाळीत आणि वस्तीत जोडणी नेण्याचा खर्च कोण उचलणार, हे आधीच लिहून ठेवलेले बरे. कॅलिफोर्नियाने आडवाट आल्यावर आठ वर्षांनी कायदा केला. आपल्याला तेवढा उशीर करण्याचे कारण नाही, कारण आडवाट कुठून येते हे आपण विजेत पाहिलेले आहे.

शेवटी एवढेच. बिलावरची लोकहिताची ओळ लोकांना नकोशी वाटते आणि राजकारण्यांनाही ती लपवावीशी वाटते. ती छापलेली असावी, आकड्यासह असावी, तिच्याखाली सुटीची यादीही असावी असे मी म्हणेन. जो खर्च उघडपणे मागितला जातो त्याचा हिशेबही उघडपणे मागता येतो. नियामक आयोगांच्या सुनावण्या आपल्या राज्यातही जाहीर असतात आणि तिथे कोणीही नागरिक लेखी सूचना देऊ शकतो. उद्योगांचे प्रतिनिधी तिथे नियमित जातात. आपणही जायला हवे.